कूतचा कैदी मराठा शिपाई : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात पुढील वर्षी २९ एप्रिलला लावायच्या प्रदर्शनाचा विषय आजच्या बैठकीत नक्की झाला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत येथे तुर्कांच्या हाती सापडलेला आणि पुढे कैदेतच मरण पावलेला तरुण मराठा शिपाई हा तो विषय होय. २९ एप्रिल १९१६ रोजी ब्रिटिश जनरल चार्ल्स टाउनशेंड यांनी तुर्की सेनापती खलील पाशा यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांत ब्रिटिश तीन हजारांहून कमी होते, बाकी सर्व हिंदुस्थानी. शरण गेलेल्या सैन्याचे नावच सहावी पुणे डिव्हिजन असे होते आणि तिच्या तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगाव या नावांनी ओळखल्या जात. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा अशा तीन मराठा पलटणी तेथे एकाच दिवशी कैदेत गेल्या, आणि असे असूनही आपल्या भागात कूत हे नाव ओळखणारी माणसे आज विरळच भेटतात.

या कामामागची माझी भूमिका आरंभीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद झाला तर तिच्याकडे परत येता येईल. कूतच्या कैदेविषयी जे काही विपुल लिहिले गेले, ते बहुतेक ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहिले. त्या अधिकाऱ्यांना शरणागतीनंतर त्यांच्या शिपायांपासून वेगळे करण्यात आले होते, त्यामुळे शिपायाच्या वाटेला जे आले त्याचा मोठा भाग त्यांनी स्वतः पाहिलेलाच नाही. आमच्या शिपायाला बहुधा लिहिता येत नव्हते आणि ज्याला येत होते तो परत आला नाही. म्हणून हे प्रदर्शन सेनापतींच्या डावपेचांवर न बेतता त्या शिपायाने काय खाल्ले, किती चालला आणि कोणते काम करीत असताना मेला, या तीन गोष्टींवर बेतावे, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले.

२३ नोव्हेंबर २०२४

पहिल्या फलकाचा मसुदा लिहिला. कैदी होण्यापूर्वी हा मुलगा कोण होता, हे त्यात सांगायचे आहे. मराठा पलटणींची भरती मुख्यतः रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतून आणि कोल्हापूरच्या आसपासच्या मुलखातून होत असे. मराठ्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमानांचीही भरती या पलटणींत होई, ही गोष्ट फलकावर ठळकपणे यावी असा माझा आग्रह आहे, कारण ते शिपाईही याच जिल्ह्यांतले होते आणि त्याच कैदेत गेले. युद्धाच्या आरंभी शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या वरकस जमिनीवर ज्या घराचे पोट भरत नव्हते, त्या घराला हे अकरा रुपये रोख मिळत. शौर्य आणि परंपरा यांविषयी लिहिताना ही रक्कम झाकली गेली, तर तो मुलगा घर सोडून का गेला हेच वाचकाला कळणार नाही.

११७ वी पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे उतरलेल्या पहिल्या तुकड्यांत होती. म्हणजे कूतचा वेढा पडला तेव्हा तिच्या जुन्या शिपायांनी वर्षभर वाळू, पूर, हिवताप आणि लढाया सोसलेल्या होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ पासून बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे झालेल्या लढाईत डिव्हिजनची साडेचार हजारांच्या आसपास माणसे ठार वा जखमी झाली. तेथून मागे सरत ती ३ डिसेंबरला कूतमध्ये पोचली आणि ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला.

१ डिसेंबर २०२४

नकाशाचे काम शाळेच्या चित्रकला शिक्षिकांनी अंगावर घेतले. तायग्रिस नदीचे वळण आणि त्या वळणाच्या पोटात तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले कूत, एवढेच मोठे दाखवायचे आहे. लढाईचे बाण आणि रंगीत रेघा नकोत.

१५ डिसेंबर २०२४

वेढ्याचा फलक. या फलकाला मी सर्वांत अधिक वेळ देत आहे, कारण कैदेतील मृत्यूंची मुळे वेढ्यातल्या उपासमारीत आहेत आणि ती न सांगता पुढचे काहीच नीट समजत नाही.

वेढा १४७ दिवस चालला. जानेवारीपासून शिधा कमी होत गेला आणि घोडे व खेचरे कापून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. ब्रिटिश सैनिकांनी ते खाल्ले. हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदू असोत वा मुसलमान, ते फार काळ नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती बिनतारी संदेशाने मागवून ती सैन्याला कळवण्यात आली, तरीही अनेकांचे मन वळले नाही. अधिकाऱ्यांच्या लिखाणात यावर चिडलेली वाक्ये सापडतात आणि शिपायांचा हट्टीपणा म्हणून या गोष्टीची बोळवण केलेली दिसते. परंतु शिपायांनी स्वतः दिलेले कारणही नोंदले गेले आहे. आपण घोड्याचे मांस खाल्ले हे गावी कळले तर आपल्याला वाळीत टाकतील आणि आपल्या मुलींशी कोणी लग्न करणार नाही, अशी त्यांना भीती होती. धर्मगुरूची संमती तारेने येऊ शकते, पण भावकीची आणि गावकीची संमती तशी येत नाही, हे कोकणात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागू नये. तो शिपाई कूतमध्ये उपाशी राहिला तो परत जायच्या आशेवर. एप्रिलमध्ये पिठाचा रोजचा शिधा पाच औंसांवर, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅमवर आला, तेव्हा अखेर बहुतेकांनी मांस खायला सुरुवात केली. पण तोवर शरीरे खंगली होती.

ताजी भाजी आणि मांस दोन्ही पोटात न गेल्यामुळे हिंदुस्थानी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजणे, जुन्या जखमा पुन्हा उघडणे, पायांत बळ न राहणे ही त्याची लक्षणे आहेत. ब्रिटिश सैनिकांना पांढऱ्या पिठाच्या पावामुळे बेरीबेरी हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झाला, तो हिंदुस्थानी आट्यावर राहणाऱ्यांना झाला नाही. एकाच तटबंदीच्या आत दोन वेगळ्या ताटांमुळे दोन वेगळे आजार झाले, याची नोंद वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काळजीपूर्वक केली होती. ती फलकावर घ्यायची आहे, विशेषतः शाळकरी मुलांसाठी.

सुटकेच्या प्रयत्नांना मात्र चारच ओळी देतो. दक्षिणेकडून चाल करून आलेल्या सैन्याची तेवीस हजारांच्या आसपास हानी झाली आणि कूत सुटले नाही. एप्रिलच्या मध्यापासून विमानांतून धान्याची पोती टाकण्यात आली, ती पुरली नाहीत. शिधा घेऊन येणारी जुलनार ही आगबोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या हाती पडली. शेवटी सोने देऊन सैन्य सोडवण्याचाही प्रस्ताव झाला, तो तुर्कांनी धुडकावला.

५ जानेवारी २०२५

आज बराच वाद झाला. तरुण कार्यकर्त्यांची सूचना अशी की, एका शिपायाचे नाव कल्पून, त्याच्या रोजनिशीच्या रूपात सर्व फलक लिहावेत, म्हणजे मुलांना ते आपलेसे वाटतील. सूचनेमागची तळमळ मला पूर्णपणे मान्य आहे. पण मी तिला विरोध केला आणि तो येथे सविस्तर नोंदवतो.

या माणसांकडून आधीच पुष्कळ काही काढून घेतले गेले आहे. आता त्यांच्या तोंडी आपण वाक्ये घातली, तर त्यांनी काय म्हटले नाही हेही कोणाला कळणार नाही. शिवाय कल्पित रोजनिशी हटकून आपल्या काळाच्या भावना बोलू लागते. तो शिपाई देशासाठी झुरत होता, किंवा साम्राज्याचा धिक्कार करीत होता, किंवा राजनिष्ठ होता, यांपैकी आपल्याला जे आवडते ते आपण त्याच्याकडून वदवून घेऊ. त्याच्या पलटणीने काय सोसले याच्या नोंदी आहेत, त्याच्याबरोबर कैदेत असलेल्या ज्या थोड्या हिंदुस्थानी माणसांनी लिहून ठेवले त्यांचे शब्द आहेत, आणि तेवढे पुरेसे भक्कम आहे. सुभेदारसाहेबांनी, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेल्या आमच्या ज्येष्ठ सभासदांनी, माझ्या बाजूने मत दिले. ते म्हणाले, "पलटणीत मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलत नाहीत, चांगलंही खोटं बोलत नाहीत." सूचना मागे घेण्यात आली.

१९ जानेवारी २०२५

कूच करण्याचा फलक. शरणागतीनंतर कैद्यांना कूतहून नदीच्या वरच्या अंगाला शुमरान येथे हलवण्यात आले. तेथे तुर्कांनी भुकेल्या माणसांना जाड्याभरड्या पिठाची, दगडासारखी टणक बिस्किटे दिली. अनेक महिन्यांच्या उपासाने नाजूक झालेल्या आतड्यांना ती सोसली नाहीत आणि पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ माणसे पोटाच्या विकाराने मेली. आजारी व जखमी अकराशेच्या आसपास माणसांची अदलाबदल होऊन ती सुटली. उरलेल्यांना बगदादला आणि तेथून रेल्वेने समाराला नेण्यात आले. समाराला रूळ संपत होते. पुढे तिक्रित, मोसुल, निसिबिन असे करीत रास अल-ऐनपर्यंतचे पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर ऐन उन्हाळ्यात पायी तोडायचे होते.

सुभेदारसाहेबांना मी विचारले की, चालण्याची सवय असलेल्या शिपायाला एवढे अंतर अशक्य का व्हावे. त्यांनी बुटांपासून सुरुवात केली. पहारेकऱ्यांनी बूट, पांघरुणे आणि पाण्याचे चंबू काढून घेतले किंवा मूठभर खजूर आणि भाकरीच्या बदल्यात शिपायांनी ते स्वतःच विकले, हे नोंदींत वारंवार येते. तापलेल्या वाळूवर आणि खडीवर अनवाणी चालताना पहिल्या दिवशी फोड येतात, दुसऱ्या दिवशी ते फुटतात, तिसऱ्या दिवशी माणूस टाचेवर चालू लागतो आणि मग रांगेच्या मागे पडतो. मागे पडलेल्याला पहारेकरी काठीने वा बंदुकीच्या दस्त्याने हाकत आणि जो उठत नसे तो तेथेच राही. जुलाबाने ग्रासलेला माणूस वारंवार रांगेबाहेर जातो, म्हणून तो तर सर्वांआधी मागे पडतो. सुभेदारसाहेब हे सांगत असताना मी फक्त लिहून घेतले, त्या मजकुरात मी जवळजवळ काहीही बदल केलेला नाही.

अधिकाऱ्यांचा प्रवास वेगळा झाला. टाउनशेंड यांना तर इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला, नोकरचाकर आणि मोकळीक मिळाली आणि कैदेत असतानाच त्यांना नाइटचा किताबही मिळाला. हे वाक्य फलकावर ठेवावे की नाही यावर दोन मते पडली. मी ते ठेवले आहे, कारण आपल्या माणसांचे काय चालले आहे याबद्दल त्यांनी जोर लावून चौकशी केल्याचे दिसत नाही, आणि हे सांगितल्याशिवाय शिपायाच्या वाट्याचा एकटेपणा कळत नाही.

९ फेब्रुवारी २०२५

रास अल-ऐन. बर्लिन–बगदाद रेल्वेचे बांधकाम जर्मन कंपनीकडे होते आणि तेव्हा ते याच गावापर्यंत आले होते. हिंदुस्थानी कैद्यांपैकी मोठी संख्या येथे थांबवून पुढच्या मार्गाच्या भरावावर, खोदाईवर आणि रूळ टाकण्यावर लावण्यात आली. ब्रिटिश शिपायांना बहुतांशी आणखी पश्चिमेकडे, अमानस डोंगरातल्या बोगद्यांच्या कामावर नेले. मुसलमान कैद्यांना वेगळे ठेवून, थोडी बरी वागणूक देऊन आपल्या बाजूला वळवण्याचे प्रयत्न तुर्कांनी केले. हिंदू शिपायाला तीही वाट नव्हती. उन्हाळ्यात जुलाब आणि हिवताप, हिवाळ्यात टायफस, म्हणजे उवांमुळे पसरणारा ताप, अशी साथींची पाळी लागली. तंबू फाटके होते आणि अंगावर एकच कपडा असल्याने उवा मारायला तो उकळावा तरी कसा, हा प्रश्न होता.

येथल्या जीवनाविषयी हिंदुस्थानी माणसाने लिहिलेले जे काही उरले आहे ते मुख्यतः बंगाली माणसांचे आहे. बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमधले शिशिर प्रसाद सर्वाधिकारी यांनी कैदेत टिपणे ठेवली, ती पकडली जाऊ नयेत म्हणून कागद फाडून बुटांत लपवले आणि परतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांचे पुस्तक केले. याच भागात हाकलून आणलेल्या आर्मेनियन स्त्रिया-मुलांची दशाही त्यांनी पाहिली व नोंदवली. लष्करी वैद्यक सेवेतले कॅप्टन कल्याण कुमार मुखर्जी यांनी कैद होण्यापूर्वी मेसोपोटेमियाहून आईला पत्रे लिहिली होती. १९१७ मध्ये रास अल-ऐनलाच तापाने त्यांचा अंत झाला. पुढे त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, त्या पत्रांच्या आधारे त्यांचे चरित्र लिहिले आणि ते १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ऐंशीच्या घरातली आजी नातवाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी त्याचे चरित्र लिहिते, याचे मला अतिशय मोल वाटते. आमच्या गावातल्या शिपायाच्या आजीलाही सांगण्यासारखे तितकेच होते. तिच्याकडे पत्रे नव्हती आणि अक्षरओळख नव्हती, एवढाच फरक. सर्वाधिकारी आणि मुखर्जी या दोघांसाठी मी अर्धा फलक राखला आहे. मराठा शिपायावरच्या प्रदर्शनात बंगाली माणसे कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे : ते त्याच छावणीत होते आणि त्यांनी पाहिले ते आमच्या शिपायानेही पाहिले.

नकाशावर एक गोष्ट दाखवायला शिक्षिकांना सांगितले आहे. रास अल-ऐनहून पूर्वेला निसिबिनपर्यंत गेलेला तो रेल्वेमार्ग आज तुर्कस्तान आणि सीरिया यांची सरहद्द म्हणून ओळखला जातो. रत्नागिरी-साताऱ्याच्या मुलांनी ज्या भरावावर माती टाकली, तोच पुढे दोन राष्ट्रांमधली सीमा ठरला.

२ मार्च २०२५

आकड्यांचा फलक. ब्रिटिश शिपाई सुमारे २,६०० कैद झाले आणि त्यांतले सत्तर टक्क्यांच्या आसपास परत आले नाहीत. हिंदुस्थानी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले मिळून दहा हजारांवर कैदेत गेले आणि त्यांतले तीन हजारांच्या आसपास मेले किंवा पुढे त्यांचा मागच लागला नाही. टक्केवारी पाहून काही जण असा निष्कर्ष काढतात की हिंदुस्थानी शिपायाला ही कैद फारशी जड गेली नाही. असा निष्कर्ष वाचक काढील, या धास्तीने एका सभासदांनी टक्केवारी गाळण्याचे सुचवले. मला गाळणे पटत नाही. दोन्ही आकडे द्यावेत आणि मोजणीच कशी झाली ते पुढच्या ओळीत सांगावे, हे योग्य. ब्रिटिश शिपायाचा शोध संसदेत प्रश्न विचारून घेतला गेला. हिंदुस्थानी शिपायांच्या यादीत मात्र माग न लागलेल्यांची संख्या ज्ञात मृतांच्या संख्येहून मोठी आहे, आणि हीच बाब सर्वांत गंभीर आहे. भिस्ती आणि डोलीवाले यांच्या बाबतीत तर किती गेले यापेक्षा किती होते याच्याच नोंदी कच्च्या आहेत.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील अनागोंदीवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, ही माहिती एका ओळीत येईल.

१६ मार्च २०२५

बसऱ्याच्या स्मारकाविषयीचा मजकूर पूर्ण केला. ज्यांच्या थडग्याचा पत्ता नाही अशा, मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मरण पावलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचे हे स्मारक आहे. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली आणि हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदुस्थानी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या कोरली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्या चौकशी अहवालात अशा असमान स्मरणाची कबुली दिली आणि क्षमा मागितली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेन यांच्या हुकुमावरून हे स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेण्यात आले.

शिपायांच्या नावांची नोंद आयोगाच्या दप्तरात आहे : क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळ ठिकाणी वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत संगमरवरी पाट्या आहेत, ज्यांवर या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी इतकी मेली एवढेच लिहिलेले असते. त्या पाटीवरचा आकडा आणि दप्तरातले नाव एकत्र आणणे, हे काम कोणत्याही गावाला स्वतः करता येते. म्हणून शेवटचा फलक आम्ही माहितीसाठी न ठेवता या कामासाठी ठेवला आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर पलटणीचे नाव घालून शोध कसा घ्यावा, इंग्रजी स्पेलिंगमुळे ओळखू न येणारे गाव तालुक्यावरून कसे ताडावे, आणि मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची असून पलटण कूतच्या तीन मराठा पलटणींपैकी एक असेल तर तो शिपाई कैदेत गेला असण्याची शक्यता का तपासावी, हे त्यावर पायरीपायरीने लिहिले आहे. शक्यता हा शब्द ठळक छापायचा आहे, कारण ११० वी आणि ११७ वी या पलटणी नंतर नव्या माणसांनी पुन्हा उभारल्या गेल्या आणि त्या शिपायांच्या नोंदीही त्याच नावाखाली येतात.

१३ एप्रिल २०२५

सर्व फलकांची मुद्रिते तपासून छपाईला दिली. सापडलेल्या वंशजांपैकी दोन घरांनी नाव लावायला संमती दिली आहे, एका घराने नाही दिली. ज्यांनी दिली नाही त्यांचा शिपाई गावाच्या उल्लेखाशिवाय पलटणीच्या संख्येत राहील, आणि याबद्दल त्यांना पुन्हा विचारायचे नाही असे ठरले. संमती दिलेल्या दोघांची नावे नकाशाखाली येतील, हुद्द्यासह आणि वडिलांच्या नावासह, त्यांच्या घरी ज्या तऱ्हेने उच्चारली जातात तशी. उद्घाटनाला भाषण ठेवलेले नाही. तालुक्यातल्या ज्या गावांत पाट्या आहेत त्या ग्रामपंचायतींना पत्रे गेली आहेत. पाटीचा फोटो आणि दप्तरातली नोंद घेऊन येणाऱ्यांसाठी वाचनालयात संगणक आणि एक माणूस मे महिनाभर सकाळी दहा ते एक उपलब्ध राहील. पहिल्या आठवड्याची पाळी माझी आणि सुभेदारसाहेबांची आहे.